आमच्या शाळेपुढील चौक

पहिल्या आणि दुसऱ्या घंटेमध्यें दहा मिनिटांचें अंतर असतें. या दहा मिनिटांत फाटकापुढील चौक ज्यानें पाहिला नाहीं, त्यानें आमची शाळा पुरती पाहिली नाहीं, असें आम्ही पाहुण्यांस नेहमीं सांगत असतों. स्टेशनाकडून येणारा रस्ता, मंडईकडून येणारा रस्ता, नव्या वसाहतीचा रस्ता आणि आमच्या शाळेची गल्ली असे चार रस्ते येथें एकत्र मिळतात. रिक्षांतून दप्तरांसकट बाहेर सांडणारीं लहान मुलें, सायकली हातांत धरून वाट पाहणाऱ्या आठवीच्या मुली, दुचाकीवर पुढें एक व मागें दोन अशीं तीन लेकरें घेऊन येणारे वडील, आणि या सर्वांतून वाट काढणारे भाजीचे टेंपो, हें दृश्य पाहून कोणासहि कौतुक वाटावें. आम्हांसहि अनेक वर्षें कौतुकच वाटत होतें.

या शाळेंत आम्ही १९७९ सालीं इयत्ता पांचवींत दाखल झालों आणि पुढें येथेंच मराठीचे शिक्षक म्हणून राहिलों. त्यामुळें या चौकाची व आमची ओळख जुनी आहे. आमच्या लहानपणीं गल्लीच्या तोंडाशीं दगडी पाणपोई होती. तिचा कोंपरा चांगला काटकोनी असल्यामुळें मंडईकडून येणाऱ्या टांगेवाल्यास गल्लींत वळावयाचें म्हणजे घोडा जवळजवळ उभा करावा लागे. टांगेवाले त्या पाणपोईस शिव्या देत आणि आम्ही मुलें तिच्या आडोशानें बिनघोर रस्ता ओलांडीत असूं. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध आहे हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें नाहीं. पुढें रस्तारुंदी झाली, पाणपोई गेली आणि तो कोंपरा छानपैकी गोल कापण्यांत आला. वाहनें वेग कमी न करतां वळूं लागलीं. या सुधारणेचें स्वागत करणारा एक लेख याच वार्षिकांत त्या वेळीं आला होता. तो आम्हींच लिहिलेला होता, हें येथें कबूल केलेलें बरें.

२०१८ च्या जुलै महिन्यांतील ती एक पावसाळी सकाळ होती. दुसरी घंटा होण्यास दोनच मिनिटें उरलीं होतीं. दुसऱ्या घंटेबरोबर फाटक बंद करावयाचें आणि उशीरा येणाऱ्यांस प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभें करावयाचें असा त्या वेळीं आमचा नियम होता. शिस्तीचें काम आमच्याकडे असल्यामुळें फाटकापाशीं आम्हीच उभे होतों. सहावींतील एक विद्यार्थी आदल्या दिवशीं उशीरा आला होता व आम्हीं त्यास चार मुलांदेखत बरेंच सुनावलें होतें. तोच मुलगा त्या सकाळीं रस्त्यापलीकडे आम्हांस दिसला. आम्हीं मनगटावरील घड्याळाकडे बोट केलें. त्यानें तें पाहिलें आणि कोंपऱ्यावर उभ्या असलेल्या दोन मोटारींच्या मधून धांव घेतली. त्याच क्षणीं मंडईकडून येणारा टेंपो गल्लींत वळला.

पुढील वर्णन लांबविण्याची आमची इच्छा नाहीं. त्याच्या उजव्या पायाचें हाड मांडींत मोडलें. टेंपोवाला पळून गेला नाहीं. त्यानेंच मुलास उचलून आंत घेतलें आणि आम्हांस बरोबर घेऊन इस्पितळ गांठलें. तो दारू प्यालेला नव्हता, मोबाइलवर बोलत नव्हता, आणि त्याचा वेगहि कोणी अफाट म्हणावा असा नव्हता. इस्पितळाच्या ओसरीवर बसून तो पुन्हा पुन्हा एवढेंच म्हणत होता, "गुरुजी, पोर दिसलंच न्हाई हो. दिसलंच न्हाई." आम्हांस त्याचा राग आला होता. परंतु त्याचें म्हणणें खोटें नव्हतें.

सायंकाळीं मुलगा शुद्धीवर आल्यावर आम्ही त्याच्या खाटेजवळ गेलों. त्याची आई उशाशीं बसली होती. मुलानें आम्हांस ओळखलें आणि विचारलें, "सर, फाटक बंद झालं होतं का?" त्याच्या आईनें आमच्याकडे पाहिलें. ती कांहींच बोलली नाहीं. तिनें दोन शब्द सुनावले असते तर आम्हांस तें सोपें गेलें असतें.

शिक्षकास कांहीं सुचेनासें झालें म्हणजे तो निबंध घालतो. आम्हींहि तेंच केलें. सातवीच्या वर्गास 'रस्ता ओलांडतांना घ्यावयाची काळजी' हा विषय दिला. थांबावें, उजवीकडे पाहावें, डावीकडे पाहावें, पुन्हा उजवीकडे पाहावें आणि मग शांतपणें चालावें, असें सर्वांनीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें. एका मुलीनें मात्र चारच ओळी लिहिल्या होत्या. तिचें म्हणणें असें कीं, आपल्या चौकांत उजवीकडे पाहतां येत नाहीं, कारण तेथें गाड्या उभ्या असतात. म्हणून आम्ही आवाज ऐकून पळतों. विषयास सोडून लिहिल्याबद्दल आम्हीं तिचे गुण कापणार होतों. लाल पेन्सिल हातांत तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशीं शाळा भरण्याच्या वेळीं आम्ही त्या कोंपऱ्यावर गेलों आणि, लोक काय म्हणतील याचा विचार न करितां, गुडघे टेकून बसलों. अकरा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून सुमारें सव्वा मीटर उंचीवर असतात. त्या उंचीवरून मंडईकडचा रस्ता मुळींच दिसत नव्हता. दिसत होतें तें एका पांढऱ्या मोटारीचें दार व तिच्या पलीकडे दुसऱ्या मोटारीचें छत. रस्ता पाहावयाचा असेल तर दोन मोटारींच्या मधून चार पावलें पुढें जावें लागे. आणि चार पावलें पुढें जाणें म्हणजेच वळणाऱ्या वाहनाच्या वाटेंत उभें राहणें. टेंपोवाल्याच्या बाजूनें पाहिलें तर हीच अडचण उलट दिशेनें होती. थांबून पाहा, असें आपण मुलांस सांगत होतों. परंतु जेथें थांबावें तेथून दिसत नव्हतें आणि जेथून दिसे तेथें थांबतां येत नव्हतें. आणखी एक गोष्ट लिहितांना संकोच होतो. त्या दोन्ही मोटारी आमच्याच विद्यार्थ्यांच्या पालकांच्या होत्या.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकांपाशीं आम्हीं हा प्रश्न नेला, तेव्हां त्यांनीं फळ्यावर एक छोटेंसें गणित मांडलें. समोर कांहीं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारणतः एक सेकंद जातो. तेवढ्या वेळांत ताशीं ३० किलोमीटर वेगाचें वाहन ८ मीटरांहून अधिक पुढें जातें आणि नंतर कोरड्या रस्त्यावर ब्रेकनें थांबण्यास त्यास आणखी सुमारें ५ मीटर लागतात, म्हणजे एकंदर १३ मीटर. हेंच वाहन ताशीं १५ किलोमीटर वेगानें येत असेल तर तें साडेपांच मीटरांच्या आंत थांबतें. आणि ताशीं ५० चा वेग असेल तर पहिल्या सेकंदांतच १४ मीटर निघून जातात. म्हणजे ३० चें वाहन जेथें थांबून उभें राहतें, तेथें ५० च्या वाहनाचा ब्रेक लागावयास सुरुवातहि झालेली नसते. वेग दुप्पट झाला कीं ब्रेकनें थांबण्याचें अंतर चौपट होतें, हें सूत्र दहावीच्या मुलांस पाठ असतें. ओल्या रस्त्यावर हीं सर्व अंतरें वाढतात. आमचा मुलगा मोटारींच्या आडून बाहेर आला तेव्हां टेंपो त्याच्यापासून सहा-सात मीटरांवर असावा. पाणपोईचा जुना काटकोन असता तर टेंपोस पंधराच्या वेगानें वळावें लागलें असतें. गोल कोंपऱ्यामुळें तो तिसाच्या वेगानें वळूं शकला. आमच्या त्या जुन्या लेखांत या गणिताचा उल्लेख नव्हता.

मग आम्ही या विषयावर मिळेल तें वाचूं लागलों. लंडनमध्यें पार्लमेंटच्या इमारतीजवळ डिसेंबर १८६८ मध्यें वाहतुकीचा पहिला दीपस्तंभ उभा राहिला. रेल्वेच्या सिग्नलांचे जाणकार जे. पी. नाइट यांची ती कल्पना होती. ज्यांस रस्ता ओलांडावयाचा होता त्यांत पार्लमेंटचे सभासद असल्यामुळें ही सोय झाली असावी, असें म्हणण्याचा मोह होतो. तो दिवा गॅसवर जळे. पुढच्याच महिन्यांत त्याचा स्फोट होऊन तो चालविणारा पोलीस जखमी झाला. १९३४ सालीं ब्रिटनचे वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलीशा यांनीं पायीं चालणाऱ्यांच्या ओलांडणीपाशीं काळ्यापांढऱ्या खांबावर नारिंगी गोल बसविण्याची पद्धत सुरू केली, आणि १९५१ मध्यें रस्त्यावर पांढरे पट्टे ओढण्यास तेथें कायद्यानें आरंभ झाला. त्यांचेंच नांव झेब्रा. या सर्व युक्तींचा रोख वाहन चालविणाराचे डोळे उघडण्याकडे होता, हें आपण विसरतों आणि पट्टे म्हणजे पायीं चालणाराची शोभेची रांगोळी समजतों. आपल्या देशांतहि २०१७ च्या वाहनचालनाच्या नियमांप्रमाणें झेब्र्यावरील माणसास वाट देणें हें चालकाचें कर्तव्य आहे.

परंतु आमच्या मनांत घर केलें तें नेदरलँड्स देशाच्या हकीकतीनें. सायकलींचा देश म्हणून आज ज्याचें कौतुक होतें, त्या देशांत १९७१ या एका वर्षांत रस्त्यावरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं व त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. त्यांपैकीं एका मुलीचा पिता वर्तमानपत्रांत काम करणारा होता. त्यानें १९७२ सालीं एक लेख लिहिला. 'बालहत्या थांबवा' हें त्याचें शीर्षक. हेंच पुढें चळवळीचें नांव झालें. आईबापें रस्त्यावर उतरलीं. ॲमस्टरडॅममधील एका दाट वस्तीच्या पेठेंत तर मुलांनींच आपला रस्ता खेळण्यासाठीं मागितला आणि त्यासाठीं गल्ली अडविली. डेल्फ्ट या गांवीं वस्तीमधील रस्ते निराळ्या रीतीनें बांधण्याचे प्रयोग झाले. रस्त्यास मुद्दाम वळणें द्यावयाचीं, मध्येंच झाड लावावयाचें, बांक ठेवावयाचा, आणि मोटारीस पाहुण्यासारखें चालण्याच्या गतीनें आंत येऊं द्यावयाचें. १९७६ मध्यें अशा रस्त्यांस कायद्याची मान्यता मिळाली. मोठे पूल, मोठे यंत्र असें त्यांत कांहींच नव्हतें. आमच्या पाणपोईनें केलें तेंच काम त्यांनीं झाडांकडून व बांकांकडून करून घेतलें.

आपल्या देशाचा आंकडा पाहिला तेव्हां मात्र वाचन थोडा वेळ थांबलें. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. रोजचे नव्वद.

आतां आमच्या उद्योगाची हकीकत. आम्हीं प्रथम संबंधित कचेरीस अर्ज दिला. ती कचेरी कोणती हें सांगण्याचें कारण नाहीं. अर्ज घेणारे गृहस्थ सौजन्यानें वागले आणि तीन महिन्यांनीं एका रात्रींत चौकांत पांढरे पट्टे उमटलेहि. मुलांस फार आनंद झाला. पट्टे आमच्या फाटकासमोरून निघून पलीकडे विजेच्या पेटीवर जाऊन थांबत होते. त्या पेटीस वळसा घालण्यासाठीं पुन्हा रस्त्यांतच उतरावें लागे. पुढील पावसाळ्यांत ते धुवून गेले.

तोंपर्यंत आम्हीं स्वतःच्या हातचें काम आधीं करावयाचें ठरविलें होतें. फाटकापाशीं आठवडाभर नवव्या इयत्तेचीं मुलें वहींत नोंदी करीत उभीं होतीं. कोण चालत ओलांडतो, कोण धांवत, आणि केव्हां. नोंदी पाहिल्यावर कोणत्याहि तज्ज्ञाची गरज उरली नाहीं. पहिल्या घंटेपूर्वीं येणारीं मुलें बहुतेक चालत येत. दुसऱ्या घंटेच्या आधींच्या तीन मिनिटांत येणारीं जवळजवळ सगळीं धांवत. त्यांस धांवावयास लावणारें आमचें फाटक होतें. आम्हीं मुख्याध्यापकांपुढें वही ठेवली आणि नियम बदलण्याची विनंती केली. शिस्त ढिली होईल असें कांहीं सहकाऱ्यांस वाटलें, आणि एका वर्षापूर्वीं आम्हांसहि तसेंच वाटलें असतें. आतां दुसऱ्या घंटेनंतर पंधरा मिनिटें फाटक उघडें असतें. उशीरा येणाऱ्याचें नांव वहींत लिहिलें जातें व तो मागच्या दारानें प्रार्थनेंत जाऊन उभा राहतो. उशीरा येणारांची संख्या थोडी वाढली आहे, हें प्रामाणिकपणें सांगावयास हवें.

पालकांची सभा अधिक अवघड गेली. कोंपऱ्यापासून दोन्ही बाजूंस दहा-दहा मीटर कोणी गाडी उभी करूं नये, एवढीच आमची मागणी होती. एक गृहस्थ म्हणाले, "सर, आम्ही दोनच मिनिटं थांबतों." ते खरेंच बोलत होते. त्यांच्यानंतर दुसरे दोन मिनिटें थांबत आणि त्यांच्यानंतर तिसरे. कोंपरा मात्र अर्धा तास झांकलेला राही. दुसऱ्या एका बाईंनीं विचारलें, "पाऊस असला म्हणजे लेकराला दहा मीटर भिजवायचं का?" यावर आम्हांस उत्तर सुचेना. तेव्हां मागच्या बांकावरून त्या सहावीतील मुलाची आई उठली. ती सभांतून बोलणारी नव्हे. ती म्हणाली, "भिजूं द्या. भिजलेलं वाळतं." आणि ती खालीं बसली. नंतर फारशी चर्चा झाली नाहीं.

तरी पण ठराव आणि संवय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महिनाभर कोंपरा मोकळा राहिला आणि मग एक गाडी आली, तिच्यामागें दुसरी आली. त्यावर उपाय आमच्या शिपाईमामांस सुचला. त्यांनीं डांबराचीं सहा रिकामीं पिंपें मिळविलीं. मुलांनीं तीं पांढऱ्या रंगानें रंगवून त्यांत माती भरली आणि क्रोटनचीं रोपें लावलीं. चौकांतील वाहतूक हवालदारांस विचारून तीं आम्हीं कोंपऱ्याच्या गोलाईवर अशीं मांडलीं कीं जुना काटकोन पुन्हा तयार व्हावा. आतां तेथें गाडी उभी करण्यास जागाच राहिली नाहीं, वळणारास वेग आंवरावा लागला, आणि पिंपांच्या आंतल्या बाजूस उभ्या राहणाऱ्या मुलास मंडईपर्यंतचा रस्ता स्वच्छ दिसूं लागला. पिंपें मुद्दाम बुटकीं निवडलेलीं होतीं. पहिल्या दिवशीं आम्ही पुन्हा गुडघे टेकून खात्री करून घेतली. या वेळीं आमच्या शेजारीं सातवीची ती निबंधवाली मुलगी उभी होती. "आतां दिसतंय, सर," ती म्हणाली. तिचे गुण आम्हीं केव्हांच दुरुस्त केले होते.

एके रात्रीं दोन पिंपें कोणी उलथून टाकलीं. तीं पुन्हा उभीं केलीं. २०२० च्या मार्चमध्यें शाळा बंद झाली, चौक ओस पडला आणि रोपें वाळून गेलीं. शाळा पुन्हा भरल्यावर मुलांनीं नवीं लावलीं. २०२१ च्या ११ डिसेंबरास पुण्यांत लक्ष्मी रस्त्यावर वाहनें बंद ठेवून पादचारी दिन पाळण्यांत आला. त्याचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांतून कापून आम्हीं नवा अर्ज तयार केला. सोबत मुलांची नोंदवही आणि आमच्या कोंपऱ्याचा नकाशा जोडला. पुढील वर्षीं पिंपांच्या जागीं दगडी कठडा आला व त्यामागें उंचावलेला पदपथ झाला. आमच्या नकाशांतील मापें त्यांनीं जवळजवळ तशींच ठेवलीं होतीं. नकाशा काढणारीं मुलें तोंपर्यंत शाळा सोडून गेलीं होतीं. त्यांस आम्हीं पत्रें लिहिलीं. चालण्याचा हा हक्क केवळ सोयीचा प्रश्न नाहीं, असें २०२५ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानेंहि सांगितलें. पदपथाचा हक्क न्यायालयानें घटनेच्या २१ व्या कलमाशीं जोडला. तो निकाल फळ्यावर लिहितांना आम्हांस त्या क्रोटनच्या पिंपांची आठवण झाली.

तो मुलगा तीन महिन्यांनीं कुबड्यांवर शाळेंत आला होता. पाय जुळला, मात्र किंचित् आंखूड राहिला. २०२५ मध्यें तो बारावी उत्तीर्ण झाला, आणि पेढे देण्यासाठीं घरीं आला तेव्हां बोलतां बोलतां आम्हीं त्या सकाळचा विषय काढला. घड्याळाकडे बोट केल्याची गोष्ट सात वर्षें आमच्या मनांत होती. ती आम्हीं त्यास सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला माहीत आहे, सर. मी पाहिलं होतं." एवढेंच. नंतर त्यानें पेढ्याचा पुडा पुढें केला.

चार कोंपऱ्यांपैकीं एकच झाला आहे. वसाहतीकडील दोन कोंपऱ्यांचीं मापें या वर्षीं आठवीच्या वर्गानें घेतलीं असून त्यांचा अर्ज तयार होत आहे. स्टेशनाकडील चौथ्या कोंपऱ्यावर उसाच्या रसाचें दुकान आहे. त्याचा बांक आणि उसाच्या मोळ्या यांमुळें तेथूनहि कांहीं दिसत नाहीं. रसवाल्याशीं आमची दोनदां गांठ पडली. मोळ्या मागील अंगास रचण्यास तो कबूल आहे. बांक हलविण्यास नाहीं, कारण गिऱ्हाईक सांवलींत बसतें आणि सांवली तेवढीच आहे. बांकाची उंची मुलांनीं मोजली असून ती ४५ सेंटीमीटर आहे. रिकाम्या बांकावरून पांचवीच्या मुलास सुद्धां पलीकडचें दिसतें, पण माणसें बसलीं म्हणजे दिसत नाहीं. बांक भिंतीकडे आडवा फिरवून चालेल कीं काय, हें पाहण्यासाठीं येत्या शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्ही पांच-सहा मुलें बरोबर घेऊन तेथें जाणार आहों. रसवाल्यानें सर्वांस रस पाजण्याचें कबूल केलें आहे.